तापून जळालेल्या बल्बची तक्रार कशी करावी

सांगलीच्या गणपती पेठेत काय किंवा साताऱ्याच्या मोती चौकात काय, शंभर रुपयांचा एलईडी बल्ब घेताना आपण पावती मागत नाही. दुकानदार तो लावून दाखवतो, आपण पैसे देतो आणि निघतो. मग एखाद्या रात्री जळकट वास येतो. होल्डर काळा पडलेला दिसतो, छताला डाग गेलेला असतो. दुकानात तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "तुमचं वायरिंगच लूज असणार ओ काका, बल्बला काय होत नाही." बहुतेक तक्रारी इथेच संपतात. त्या संपू नयेत म्हणून हा लेख. आपल्याकडे नुसत्या वासावर निभावलं, पण त्याच मालातला दुसरा बल्ब कुणाच्या तरी घरी पाळण्यावर लटकत असतो.

आधी मेन स्विच

नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत पुष्कळदा बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेवर जोडलेलं असतं, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये करंट राहतो. वाईकडच्या जुन्या वाड्यांत किंवा पाटणसारख्या पावसाच्या भागातल्या ओलसर भिंतींवर तर हे विसरूच नका. मेन बंद करा, बल्ब गार होऊ द्या आणि काढण्याआधी फोटो घ्या. एक होल्डरसकट, एक छताच्या डागाचा, एक जवळून, बल्बवरचा मजकूर वाचता येईल असा. आग पसरली असेल किंवा कुणी भाजलं असेल, तर 101 किंवा 112 वर फोन करा आणि नंतर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बल्ब फेकू नका आणि उघडूनही पाहू नका. घरातल्या हौशी माणसाला स्क्रूड्रायव्हर घेऊन आत काय जळलं ते बघायचं असतं. त्याला थांबवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसान झालं तेव्हा वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याला बचावाची वाट मिळते, आणि उघडलेला बल्ब पाहून तो तेच म्हणेल. बल्ब, खोकं, असेल ती पावती आणि जळालेला होल्डर एका डब्यात घालून तारीख लिहून ठेवा.

दोष बल्बचा की होल्डरचा?

सगळा वाद याच प्रश्नावर अडतो, म्हणून इथे घाई नको. तापणं म्हणजे दोष नव्हे. जुना पिवळा बल्ब वीज खातो त्यातली बहुतेक उष्णतेतच घालवतो. म्हणून तर विट्याकडच्या पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला तो लावतात. एलईडीचा प्रकाश गार वाटतो, पण उष्णता मागे, बल्बच्या मानेकडे जाते. चालू असलेल्या 9 वॅटच्या बल्बची मान हाताला चांगलीच गरम लागते, ते चालायचंच. तोच बल्ब चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात बसवला तर उष्णतेला वाट मिळत नाही आणि आतलं सर्किट लवकर मरतं. खोक्यावर "बंद फिटिंगमध्ये वापरू नये" असं छापलेलं असेल आणि आपण नेमकं तेच केलं असेल, तर बाजू आपलीच कमजोर होते.

संशय घ्यावा तो प्लास्टिक पिवळं किंवा मऊ पडलं, मानेला तपकिरी डाग आले, पांढरी टोपी सुटून खाली पडली, जळका वास आला तर. होल्डरही पाहून घ्यावा लागतो. त्यातल्या पितळी पिनांची स्प्रिंग ढिली झाली किंवा वायरचा स्क्रू सैल असला की आत ठिणग्या उडतात, आणि तेव्हा चांगला बल्बही जळतो. घरातले बरेच दिवे एकदम गेले आणि पंखे जोरात फिरू लागले, तर लाइनचा न्यूट्रल तुटल्याची शंका घ्या. तेव्हा मेन बंद करून महावितरणला 1912 वर फोन करा. त्यात बल्बवाल्याचा दोष नाही.

परवानाधारक वायरमन बोलवा. तपासणीची तारीख, परवाना क्रमांक, होल्डर आणि वायरिंगची अवस्था, मीटरवर दिसलेलं व्होल्टेज हे सगळं त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या. "वायरिंग लूज असणार" याला तोंडी कितीही उत्तर द्या, या एका कागदाइतकं वजन त्याला येणार नाही.

खोक्यावर काय बघायचं

एलईडी बल्बसाठी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बल्बवर किंवा खोक्यावर बीआयएसचं चिन्ह, आयएस 16102 हा मानकाचा क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून पाहा. क्रमांक नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि तिथूनच तक्रारही नोंदवा. उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत, वॉरंटी यांचेही फोटो हवेत.

आठवडी बाजारात ढिगातून घेतलेल्या, नाव-पत्ता नसलेल्या बल्बचं काय? उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर कायदा विक्रेत्याला जबाबदार धरू शकतो. दुकानदारांनीही हे ध्यानात घ्यावं, स्वस्तातला बेनामी माल शेवटी त्यांच्याच गळ्यात येतो.

पत्र, मग 1915, मग आयोग

पावती नसेल तर फोनवरून केलेल्या पेमेंटची नोंद काढा. मग दुकानदार आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. भाषा साधी ठेवा:

"दि. ... रोजी आपल्या दुकानातून 9 वॅटचा एलईडी बल्ब घेतला. दि. ... रोजी रात्री स्वयंपाकघरात चालू असताना त्याचं मानेजवळचं प्लास्टिक वितळलं व होल्डर जळाला. वायरिंग तपासल्याचा वायरमनचा दाखला सोबत जोडला आहे. बल्ब माझ्याकडे आहे त्या स्थितीत जपून ठेवला आहे. बल्बची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च 15 दिवसांत द्यावा, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. नावाजलेल्या कंपन्या इथेच बदली बल्ब द्यायला तयार होतात. पण छत काळं झालं असेल, कुणाचा हात भाजला असेल, तर बदली बल्बवर समाधान मानू नका.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. बल्ब पुण्यात घेतला असो वा ऑनलाइन, तुम्ही कराडला राहत असाल तर साताऱ्याच्या आयोगात आणि तासगावला राहत असाल तर सांगलीच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत घटनेपासून 2 वर्षं. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो.

अर्जात एक विनंती आवर्जून लिहा, बल्बची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. आयोग नमुना सीलबंद करून पाठवतो आणि साधारण 45 दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगितला जाऊ शकतो, याची तयारी ठेवा. भरपाई मागताना बिलं जोडा. होल्डर, रंगकाम, दवाखाना, औषधं, यातलं जे खरोखर खर्च झालं ते मागा. मनस्तापाची रक्कम मागण्याचा हक्क आहेच, पण छताच्या एका डागासाठी दहा लाख मागितले तर खऱ्या तक्रारीचंही वजन कमी होतं.

सोसायटीत किंवा गल्लीत त्याच मालाचे बल्ब अनेकांकडे तापले असतील, तर एकेकट्याने भांडू नका. आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करता येते. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज देता येतो. धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

आदेश आपल्या बाजूने लागूनही समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला किमान 1 महिना ते 3 वर्षं कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. निकाल विरोधात गेला, तर राज्य आयोगाकडे अपिलाला 45 दिवस मिळतात. तोवर तो डबा कपाटातच राहू द्या.