माळढोकाचं बदक झालं: थर्माकोलवर सिमेंट चढवताना या चुका टाळा

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याचा पुतळा अंगणात उभा करायचा, म्हणून थर्माकोल कोरायला घेतला. मान ५ सेंटिमीटर, अगदी फोटोतल्यासारखी. तिच्यावर चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा माल चढला, मान ७ची झाली आणि माळढोकाचं बदक झालं. जेवढा थर चढणार, तेवढा थर्माकोल आधीच बारीक कोरायचा. पिसं-डोळे थर्माकोलात काढत बसू नका, मालाखाली बुजतात. ते शेवटच्या थरात, माल ओला असताना. मान आणि पायांत सळई हवीच, थर्माकोल वजन पेलत नाही.

गुळगुळीत थर्माकोलवर माल घसरतो. कानशीने खरवडा, भुसा झटका, जाळी ताणून तारेच्या आकड्यांनी टोचा. साधी काचेच्या फायबरची जाळी सिमेंटमधल्या अल्कलीने कुजते. अल्कलीला टिकणारी मागून घ्या. मग सिमेंट-लेटेक्सच्या (लेटेक्स म्हणजे चिकटपणासाठीचं रबरी द्रावण) स्लरीचा, म्हणजे पातळ काल्याचा, हात, आणि तो ओला असतानाच माल: एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू. हातमोजे घाला, सिमेंट कातडी खातं.

माझी खरी फजिती पाण्याने केली. मे महिना, पारा चाळिशीपार, आणि मी दुपारी थापी घेऊन बसलो. माल आवळत होता म्हणून वरून पाणी ओतत गेलो. संध्याकाळी पाठीवर भेगांचं जाळं. शेजारचे गवंडीकाका म्हणाले, "अवो, भर उन्हात माल लावता व्हय?" आता पहाटे सावलीत लावतो, मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल एवढाच ओला.

केसासारख्या भेगा स्लरीने बुजतात. मानेभोवती गोल फिरलेली भेग मात्र आतली हालचाल सांगते. तिथलं फोडून सळईपासून पुन्हा करा. टिचकीला पोकळ वाजतं तिथेही तेच. रंग पाण्यातला अ‍ॅक्रिलिक घ्या. थिनर एखाद्या भेगेतून आत गेला तर थर्माकोल विरघळतो.

माल घट्ट झाला की सात दिवस पाणी मारायचं. गोणपाट वाऱ्याने उडायचं, म्हणून जुनी सोलापुरी चादर भिजवून गुंडाळली, वर प्लास्टिक. पहिल्या वेळी घाईने ओल्या मालावरच टाकली होती. चादरीची वीण पाठीवर उमटली. बदकाला तेवढी पिसं मात्र झकास आली.