असीरियन इतिहासाची पुस्तके: नाशिकच्या वाचकाने सुरुवात कशी करावी

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. मुखपृष्ठावर ‘असीरियन’ असे छापलेली तीन पुस्तके मागवली, तर एकात तैग्रिसकाठचे प्राचीन साम्राज्य, दुसऱ्यात उत्तर इराक, आग्नेय तुर्कस्तान आणि वायव्य इराण येथील आजचा ख्रिस्ती समाज, तर तिसऱ्यात भलतीच भाषा निघू शकते. शिकागो विद्यापीठाने 1921 साली हाती घेतलेला आणि 21 खंडांत पूर्ण केलेला ‘असीरियन’ शब्दकोश महाजालावर विनामूल्य मिळतो, म्हणून मोहाने तो उतरवून घेतला जातो. पण तो अक्कादीचा, म्हणजे प्राचीन साम्राज्याच्या मृत भाषेचा कोश आहे, आजच्या असीरियन घरांत बोलल्या जाणाऱ्या सुरेथचा नव्हे. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी अनुक्रमणिका पाहावी. ती इ.स.पू. 612 मधील निनवे या असीरियन राजधानीच्या पाडावाशी थांबत असेल, तर त्या पुस्तकात 1915 च्या कत्तली शोधू नयेत.

प्राचीन भागाला फार वेळ देण्याची गरज नाही. निमरूद या प्राचीन असीरियन नगरीच्या उत्खननाचा, ते करणाऱ्या लेयार्ड यांचा 1849 चा वृत्तांत आजही रंगतदार वाटतो, मात्र तिथल्या लेखांच्या कीलाकार (खिळ्यांच्या आकाराच्या) लिपीचे वाचन विद्वानांनी मान्य केले ते 1857 मध्ये, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. त्याआधी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील असीरियन शिल्पपट पाहून यावेत.

वंशसंहाराच्या पुस्तकांची निवड मात्र सावकाश करावी. 1915 च्या सुमारास उस्मानी सैन्याने आणि कुर्दी टोळ्यांनी आग्नेय तुर्कस्तानातील तूर अब्दीन व हक्कारी आणि वायव्य इराणमधील उर्मिया या भागांत केलेल्या कत्तलींना हा समाज ‘सैफो’, म्हणजे तलवार, म्हणतो. ग्रंथालयाच्या संगणकावर केवळ ‘असीरियन’ असा शोध घेतल्यास निम्मे साहित्य निसटते, कारण जुन्या लेखकांनी याच लोकांना नेस्टोरियन, खाल्डियन, जॅकोबाइट किंवा सिरियन म्हटले आहे. ही सगळी नावे पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत तपासावीत. बळींचा आकडा दिसला की तो कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रदेशापुरता दिला हे तळटीपेत पाहावे. पॅरिसच्या 1919 च्या शांतता परिषदेत असीरो-खाल्डियन शिष्टमंडळाने अडीच लाखांचा आकडा मांडला होता, आणि पुढील अनेक पुस्तकांत तो उगम न सांगता उतरला आहे. इतिहासकार डेव्हिड गाँट यांचे 2006 चे संशोधन गावागणिक जाते, त्यामुळे पडताळणीसाठी ते हाताशी असावे.

इराकमधील सिमेल येथील असीरियनांच्या ऑगस्ट 1933 च्या हत्याकांडासाठी माझ्या मते दोन पुस्तके जोडीनेच वाचावीत. दोन्ही 1935 ची आहेत: एक मोसुलमध्ये ब्रिटिश प्रशासकीय निरीक्षक असलेल्या स्टॅफर्ड यांचे, दुसरे असीरियन लेखक यूसुफ मलेक यांचे. एकच प्रसंग दोन्हींत काढून, पाने समोरासमोर उघडी ठेवून, कोण कोणते नाव गाळतो हे पेन्सिलीने टिपावे.

नाशिकच्या वाचकाला यात एक योगायोगही सापडेल: आपले सार्वजनिक वाचनालय 1840 साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना उर्मियाला पोहोचला, जिथे पुढे तिथल्या बोलीत पुस्तके छापली जाऊ लागली.

भाषा शिकायची असेल तर आधी लिपी निश्चित करावी. सुरेथ जिच्या अक्षरांत लिहितात त्या सुर्यानी या जुन्या चर्चभाषेची अक्षरे 22 असून ती उजवीकडून डावीकडे लिहितात, पण त्यांची वळणे तीन आहेत: एस्त्रांगेला, पश्चिमेचे सेर्तो आणि पूर्वेचे मदनहाया. मोडी आणि बाळबोध दोन्ही गिरवलेल्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. जेसी पेन स्मिथ यांचा 1903 चा सुर्यानी-इंग्रजी कोश सेर्तोत छापलेला आहे, तर इराक आणि इराणमधील असीरियन मदनहायात लिहितात. त्यामुळे व्याकरण एका वळणाचे आणि कोश दुसऱ्याचा घेतल्यास महिनाभर शब्दच सापडत नाहीत. उच्चारही बदलतो. पूर्वेकडे ‘श्लामा’, म्हणजे शांती, हे अभिवादन आहे, आणि पश्चिमेकडे त्याचेच ‘श्लोमो’ होते. वहीच्या पहिल्या पानावर हा एकच शब्द तिन्ही वळणांत गिरवावा आणि मगच कोश विकत घ्यावा.