रूम थर्मोस्टॅट बॉयलरला जोडताना या चुका टाळा

घरातल्या रेडिएटरसाठी पाणी तापवतो तो बॉयलर, आणि खोलीचं तापमान बघून त्याला चालू-बंद करायला सांगतो तो भिंतीवरचा रूम थर्मोस्टॅट. त्याला टच स्क्रीन असो की वायफाय, बहुतेक वेळा बॉयलरच्या लेखी तो एक साधा स्विच असतो. खोली गार झाली की तो दोन टोकं जोडतो, तापली की सोडतो. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत. उरलेल्या होतात त्या एका प्रश्नाचं उत्तर न शोधता स्क्रू पिळायला घेतल्यामुळे: या बॉयलरला थर्मोस्टॅटकडून नेमकं काय हवंय?

आधी सुरक्षेचं. बॉयलर, पंप, टायमर, थर्मोस्टॅट या सगळ्यांचा सप्लाय एकाच फ्यूजवरून यायला हवा, म्हणजे एक स्विच बंद केला की सगळं बंद. पण जुन्या घरांत बॉयलर एका सर्किटवर आणि थर्मोस्टॅटचा फेज दुसऱ्याच सर्किटवर असं सापडतं. बॉयलर बंद केला म्हणून तार हातात घेतली आणि जोरदार झटका बसला, असा प्रकार यातूनच घडतो. म्हणून बॉयलरचा सप्लाय बंद केल्यावरही प्रत्येक तार तपासा. मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग त्या तारांवर, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या मधे मीटरच बंद पडलेला नव्हता याची खात्री त्याशिवाय होत नाही. निऑन दिव्याच्या टेस्टरवर इथे विसंबू नका. गॅस बॉयलरचं ज्वलनकक्ष झाकणारं कव्हर तर उघडूच नका, ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचं. पूर्ण वायरिंग तपासून सही करायलाही अनेक ठिकाणी असा माणूस लागतो.

सगळ्यात महाग चूक: जिथे नको तिथे फेज

बॉयलरच्या बोर्डावर थर्मोस्टॅटसाठी दोन टर्मिनल असतात, पण ती सगळीकडे सारखी नसतात. काही बॉयलरना २३० व्होल्टचा फेज थर्मोस्टॅटमधून फिरून परत आलेला हवा असतो. काहींना फक्त कोरा संपर्क हवा असतो, म्हणजे बाहेरून कोणताही व्होल्टेज न आणणारा स्विच. तिथे बॉयलर स्वतःच एका टर्मिनलवर जेमतेम २४ व्होल्ट ठेवतो आणि दोन टोकं जुळली एवढंच बघतो. तिसरा प्रकार ओपनथर्मचा. त्यात दोन तारांवरून बॉयलर आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी डिजिटल संदेशांनी बोलतात. या तारांना उलटसुलट नसतं, कोणतीही कुठेही लावली तरी चालते, पण त्यांवर मेनचा सप्लाय आला की दोन्हीकडची इलेक्ट्रॉनिक्स गेलीच म्हणून समजा. ओपनथर्मची केबल मेनच्या केबलसोबत एकाच पाइपातून ओढू नका, आणि तिची लांबी ५० मीटरच्या आत ठेवा.

कोऱ्या संपर्काच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट गेले की बॉयलरचा मुख्य बोर्ड जळतो. हे बहुतेक वेळा बॉयलर बदलताना घडतं. जुन्या थर्मोस्टॅटच्या मागच्या प्लेटवर एल (फेजचं टर्मिनल) आणि कॉम (स्विचचं सामाईक टोक) या टर्मिनलांमध्ये तारेचा एक छोटा तुकडा लावलेला असतो. जुन्या बॉयलरला फेज परत हवा होता, म्हणून तो तुकडा तिथे बरोबरच होता. नवा बॉयलर कोरा संपर्क मागणारा आला, पण तो बोटाच्या पेराएवढा तुकडा कोणी काढला नाही. मेन चालू केल्यावर थर्मोस्टॅटने पहिल्यांदा टिक केलं आणि तोच फेज थेट बोर्डात शिरला. म्हणून नवा बॉयलर असो की नवा थर्मोस्टॅट, प्लेट उघडून एल आणि कॉममध्ये तार आहे का हे डोळ्यांनी बघा, आणि बॉयलरच्या वायरिंग आकृतीत ती हवी की नको हे वाचा. आकृती सहसा पुस्तिकेत आणि कव्हरच्या आतल्या बाजूला असते.

याची उलटी बाजू बॉयलरकडे. त्या दोन टर्मिनलांमध्ये कंपनीतूनच एक लिंक, म्हणजे जोडतार, लावून येते, थर्मोस्टॅट नसतानाही बॉयलर चालावा म्हणून. थर्मोस्टॅट लावला आणि लिंक तशीच राहिली, तर बॉयलरला कायमच उष्णतेची मागणी दिसते. थर्मोस्टॅट कितीही खाली आणा, रेडिएटर तापतच राहतात.

कॉम, एनओ, एनसी

एनओ म्हणजे मागणी नसताना कॉमपासून सुटलेलं टोक, एनसी म्हणजे मागणी नसताना कॉमला जुळलेलं टोक. हीटिंगसाठी कॉम आणि एनओ वापरायचे. चुकून तार एनसीला लागली की सगळं उलटं होतं. खोली उकडायला लागली तरी बॉयलर चालू, गारठली की बंद. थर्मोस्टॅट बॅटरीवरचा असेल तर भिंतीवर लावण्याआधी टेबलावरच खात्री करा. मल्टिमीटर कंटिन्यूटीवर ठेवा, प्रोब कॉम आणि एनओवर धरा आणि तापमान वर न्या. टिक वाजून मीटर बीप करायला हवा, आणि तापमान खाली आणलं की बीप थांबायला हवा.

तारेच्या रंगावर विश्वास

निळी तार म्हणजे न्यूट्रल, हे थर्मोस्टॅटच्या केबलमध्ये धरून चालणं धोक्याचं आहे. दोन तारांच्या केबलमध्ये एकीतून फेज जातो आणि दुसरीतून तोच परत येतो, त्यामुळे निळ्या तारेतही फेज असतो. अशा तारेच्या टोकाला तपकिरी स्लीव्ह चढवा. हिरवी-पिवळी तार मात्र कोणत्याही अडचणीत फेजसाठी वापरू नका. तारा कमी पडत असतील तर केबल बदला, किंवा वायरलेस थर्मोस्टॅट घेऊन त्याचा रिसीव्हर बॉयलरजवळ बसवा.

जुन्या यांत्रिक थर्मोस्टॅटला बऱ्याचदा न्यूट्रलही दिलेला असतो. आत एक बारीक रेझिस्टर असतो, तो थर्मोस्टॅटला किंचित गरम करून वेळेत बंद व्हायला मदत करतो, त्यासाठी. नव्या बॅटरीवाल्याला त्याची गरज नाही. आता ही मोकळी राहिलेली तार कुठेतरी लागायला हवी असं वाटून ती एनओला लावली, तर थर्मोस्टॅटमधला रिले (आतला स्विच) जुळताच फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात. फ्यूज उडतो, कधी रिलेचे संपर्क वितळून चिकटतात, आणि पुढे बॉयलर बंदच होत नाही. ही तार कनेक्टरमध्ये बंद करून मागच्या खोक्यात ठेवा. आणि जुनी एकही तार सोडवण्याआधी टर्मिनलांची अक्षरं दिसतील असा जवळून फोटो काढा.

घराच्या एका भागाकडे जाणारं गरम पाणी सोडणारा-अडवणारा मोटरवाला झोन व्हॉल्व्ह असेल तिथे थर्मोस्टॅट बॉयलरला थेट हाक देत नाही. त्याचा फेज व्हॉल्व्हच्या तपकिरी तारेवर जातो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो, आणि करड्या तारेवरचा कायमचा फेज नारिंगी तारेतून बॉयलरकडे निघतो. करडी आणि नारिंगी तार सोडून थर्मोस्टॅट सरळ बॉयलरला जोडला, तर व्हॉल्व्ह बंद असतानाही बॉयलर पेटू शकतो. तो मायक्रोस्विच अडकला तर थर्मोस्टॅट बंद असूनही बॉयलर चालूच राहतो, आणि दोष मात्र थर्मोस्टॅटवर येतो.

बॉयलरचा सप्लायच थर्मोस्टॅटमधून नेणं

असं करूच नका. आग विझल्यावर बॉयलर काही मिनिटं पंप चालू ठेवतो, आतली साठलेली उष्णता बाहेर काढायला. पाइपातलं पाणी गोठू नये म्हणूनची सोयही सप्लाय असेल तरच काम करते. बॉयलरला कायमचा फेज हवाच, थर्मोस्टॅटने फक्त मागणी कळवायची.

जागा

जमिनीपासून साधारण दीड मीटर उंची, आतली भिंत. रेडिएटर, ऊन, दिवा, बाहेरचं दार यांपासून लांब. प्लेटमागचं केबलचं भोक बुजवा, भिंतीच्या पोकळीतली गार हवा तिथून थेट सेन्सरवर येते. त्याच खोलीच्या रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की रेडिएटरचं पाणी आपोआप अडवणारा) असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर व्हॉल्व्ह आधी बंद होतो, थर्मोस्टॅटचं तापमान कधीच गाठलं जात नाही, आणि बाकीच्या खोल्या विनाकारण तापत राहतात.

सगळं जोडलं, तरी चालत नाही

कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) असेल तर आधी गरम पाण्याचा नळ सोडा. पाणी गरम येत असेल तर गॅस, इग्निशन आणि मुख्य बोर्ड बहुधा ठीक आहेत, घोटाळा हीटिंगच्या कंट्रोलच्या बाजूला शोधा. मग मेन बंद करून बॉयलरच्या थर्मोस्टॅट टर्मिनलवरची केबल सोडवा, पुस्तिकेत दिलेली लिंक तिथे लावा आणि सप्लाय द्या. बॉयलर पेटला तर दोष केबलमध्ये किंवा थर्मोस्टॅटमध्ये. नाही पेटला तर बॉयलरचा स्वतःचा टायमर बंद आहे का, हीटिंगची नॉब उन्हाळ्याच्या खुणेवर आहे का, पाण्याचा दाब पडलाय का, हे बघा. ही चाचणी संपली की लिंक काढायची.

बाहेरचा टायमर थर्मोस्टॅटच्या सिरीजमध्ये असतो. तो बंद असेल तर थर्मोस्टॅट कितीही टिकटिकला तरी बॉयलरपर्यंत काही पोचत नाही. दुसऱ्या खोलीत जुना थर्मोस्टॅट सर्किटमध्ये तसाच राहिला आणि तो १५ अंशांवर असेल, तरी हेच होतं.

२४ व्होल्टच्या पद्धतीत सी तार (थर्मोस्टॅटला कायमची वीज मिळवून देणारी सामाईक तार) नसेल तर काही स्मार्ट थर्मोस्टॅट बॉयलरच्याच सर्किटमधून थोडी वीज घेतात. मग रिले फडफडतो किंवा स्क्रीन अधूनमधून विझते. यावर सी तार ओढणं किंवा त्या मॉडेलचा अडॅप्टर लावणं हाच इलाज.

डिजिटल मीटरवर बंद तारेतही कधी ४०, ६०, ८० व्होल्ट दिसतात. शेजारच्या चालू तारेमुळे केबलमध्ये उमटणारा हा आभासी व्होल्टेज असतो, खरा सप्लाय नसतो. कमी इम्पीडन्सची सोय असलेल्या मीटरने बघितलं की तो आकडा कोसळतो.

आणि थर्मोस्टॅटने टिक केल्यावर बॉयलर लगेच पेटला नाही म्हणून तारा उपसायला घेऊ नका. एकदा विझल्यावर पुन्हा पेटण्याआधी बरेच बॉयलर मुद्दाम काही मिनिटं थांबतात, वारंवार चालू-बंद होऊ नये म्हणून. पाच-सहा मिनिटं जाऊ द्या, मग मीटर हातात घ्या.