बार्शी लाईटचा जुना मार्ग पायी कसा शोधायचा

बार्शी लाईट म्हणजे बार्शीची जुनी, अरुंद रुळांची रेल्वे. तिचा मार्ग शोधायचा तर आधी घरी बसून नकाशा बघा, बूट नंतर. माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात जमिनी मोजण्यात गेली, म्हणून माझी सुरुवात गावनकाशापासूनच होते. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव उघडलं की वेड्यावाकड्या गटांमधून एक अरुंद, लांबच लांब पट्टी गेलेली दिसते. तिला कुणाच्या बांधाशी देणंघेणं नसतं, गट कापून ती सरळ पुढे जाते. ओढ्याचे काठ कुठेही वळतात. हिची वळणं मात्र ऐसपैस. ती रेल्वेची जागा. मग उपग्रहाच्या चित्रावर तीच रेघ धरा, बहुतेक ठिकाणी तिच्यावर वेड्या बाभळीची रांग माजलेली असते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची ही अडीच फुटी (दोन रुळांत एवढंच अंतर) गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. पण कुर्डुवाडी-पंढरपूर बाजूला जुनं शोधायला जाऊ नका, तिथे आता ब्रॉडगेज आहे आणि ती धावती लाईन आहे. चालू रुळावर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. रेल्वे कायद्याचं कलम 147 आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. लातूरचा मार्ग रुंद करताना तो धाराशिव शहरावरून वळवला. त्यामुळे बार्शीच्या पुढे, येडशीच्या अंगाला शोध घेतलेला बरा.

शिवारात गेल्यावर चढ बघा. बैलगाडीची वाट टेकाडावर चढते आणि उतरते. आगगाडीला ते जमत नाही, म्हणून टेकाड कापलेलं आणि पुढचा खोलगट भाग भरून काढलेला दिसतो. भरावाचा माथा इतका अरुंद, की शेजारच्या शेतकऱ्याने त्याचा बांध करून टाकलेला असतो. कालवाही असाच फसवतो, पण तो पाण्याच्या पातळीने जातो आणि त्याला आत पोकळी असते. शंका आली तर टाचेने माती उकरा. खडीत काळे, हलके, भोकं पडलेले तुकडे लागले तर ती इंजिनाची जळकी राख. ते खिशात घालू नका. लोखंड तर मुळीच उचलू नका, ती चोरी होते.

खरी गंमत मोरीत, म्हणजे भरावाखालून ओढ्याचं पाणी जाऊ देणाऱ्या छोट्या पुलात आहे. घडीव काळे दगड, सांध्यांत चुना. दगडाच्या कडेला छिन्नीचे बारीक, तिरपे घाव अजून बोटाला लागतात. ते बाहेर उभं राहून, टॉर्च टाकून बघा. आत शिरायचं नाही. आपल्या मुरमाड भागात फुरसं दगडाखालीच असतं आणि कमानीला आग्या मोहोळ असेल तर पळायला एकच बाजू उरते. अत्तर लावून, विडी ओढत तिथे जाणारे महाभाग मी पाहिलेत.

दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत जा. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, उन्हाळ्यात दहा वाजताच परत फिरावं लागतं. पायात जाड चामडं हवं, अंगात फुलपँट. कुसळं मोज्यात गेली की दिवसभर तेच काम. पाणी माणशी तीन लिटर. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दिवसभर खराब होत नाही.

पट्टी शेतात शिरली की शाळू तुडवू नका. "राम राम मामा, लाईटची जुनी सडक इकडनंच होती का?" एवढं विचारा. साठीच्या पुढचा माणूस नुसती दिशा दाखवत नाही, सोबत येतो, आणि हुरड्याचे दिवस असतील तर तुमचा तास तिथेच जातो. तो धरूनच वेळ काढा.

येडशीजवळच्या रामलिंगच्या बाजूला अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय वाट सोडून आत जाऊ नका. चार वाजता जिथे असाल तिथून डांबरी रस्ता गाठा आणि येडशीला या. धाराशिवमार्गे सोलापूरची एसटी मिळते.