दगडखाण आणि शेजारची घरं: तक्रार येण्याआधी काय करायचं

पहिला सुरुंग उडवण्याआधी आसपासच्या घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, तडे मोजून नोंदवा आणि एक प्रत घरमालकाला द्या. नंतर वाद झाला तर हीच नोंद कामी येते. माणसाला सेकंदाला 1 मिमीचा हादराही जाणवतो. भिंतीला तडे जायला सहसा त्याच्या दसपट तरी लागतो. म्हणून ‘काही होत नाही’ म्हणू नका, सर्वांत जवळच्या घरापाशी मोजून आकडे दाखवा.

हादरा ठरतो तो एका क्षणी किती दारू उडते त्यावर, एकूण दारूवर तितका नाही. डिले (स्फोट ठरावीक उशिराने घडवणारं साधन) वापरून दारू भरलेली भोकं वेगवेगळ्या क्षणी उडवा. 100 मिमीच्या भोकात वरचे सुमारे अडीच मीटर बारीक खडीने भरा. ड्रिलिंगची भुकटी भरली तर ती सहज उडून जाते, आवाज वाढतो, दगडही उडतात. पहाटे किंवा ढग खाली असताना सुरुंग नकोच. आवाज खाली परततो.

धुळीचं मूळ बहुधा रस्ता असतो. पाणी थोडं, पण वारंवार मारा. एकदम ओतलं तर चिखल डंपरच्या चाकांना लागून गावात जातो आणि वाळला की पुन्हा धूळ. भरलेल्या डंपरवर ताडपत्री खाणीच्या फाटकाच्या आतच बांधा.