मुख्याध्यापकाचा चार्ज घेतल्यावरचे पहिले 3 महिने

चार्ज घाईत घेऊ नका. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), कॅशबुक, पोषण आहाराचा साठा, सगळं तपासून मगच सही करा. मी तांदळाची पोती स्वतः काट्यावर चढवली. नोंदीपेक्षा 11 किलो कमी भरला, तसं चार्ज यादीत लिहून घेतलं.

मग महिनाभर काहीच बदलू नका. हे फार जड जातं, पण रोज एका वर्गात मागे बसा, मुलांच्या वह्या उघडून बघा. तिसरीतली एक मुलगी फळ्यावरचं हुबेहूब उतरवायची. वाचायला सांगितलं की गप्प. तिच्यामुळेच मला पहिला बदल सापडला: परिपाठानंतर 40 मिनिटं फक्त वाचन, तेही इयत्तेनुसार नाही, पातळीनुसार गट करून. वेळापत्रक मात्र सहकारी शिक्षकांनाच करू दिलं, म्हणून ते टिकलं.

शाळा व्यवस्थापन समितीला सहीपुरतं बोलावू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला असतात. बैठक संध्याकाळी ठेवा, आया शेतातून परतल्यावर. आमच्याकडे त्यांचा पहिलाच विषय निघाला मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीचा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी नवी कडी बसवून घेतली.