प्रथमोपचाराच्या शिफारशींमागचा पुरावा वाचताना या चुका टाळा

"एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका" हा संदेश व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरून येतो. त्याच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. १९७६ साली अमेरिकेत कॅथ लॅबमधल्या (हृदयाच्या धमन्या नळी घालून तपासतात त्या खोलीतल्या) तपासणीदरम्यान तीन रुग्णांचं हृदय फिब्रिलेशनमध्ये गेलं, म्हणजे रक्त न ढकलता नुसतं थरथरू लागलं, आणि खोकत राहिल्यामुळे ते २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. मॉनिटर लावलेला, डॉक्टर उशाशी, विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर हाताशी. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. हार्ट अटॅकमध्ये हृदय बहुतेक वेळा चालूच असतं, धमनी अडलेली असते, आणि खोकून गुठळी हलत नाही. हृदय खरोखर बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. मग खोकणार कोण?

म्हणजे अभ्यास खोटा नव्हता, तो वेगळ्याच परिस्थितीतल्या माणसाबद्दल होता. प्रशिक्षणाच्या स्लाइड, संस्थेची पत्रकं किंवा नर्सिंगच्या नोट्स तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. म्हणून कुठलाही अभ्यास उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: उपाय कोणावर केला, नेमकं काय केलं, कशाशी तुलना केली आणि शेवटी मोजलं काय. इंटरनॅशनल लायझन कमिटी ऑन रिससिटेशन, म्हणजे इल्कॉर ही थांबलेलं हृदय पुन्हा चालू करण्याच्या उपायांचा पुरावा तपासणारी आंतरराष्ट्रीय समिती, आपला प्रत्येक आढावा याच चौकटीत मांडते.

चूक: दोन वेगळे प्रश्न एकच समजणं

"तोंडाने श्वास देण्याची गरज नाही, हे सिद्ध झालंय" असं सर्रास सांगितलं जातं. या विधानाला आधार आहे तो तीन रँडमाइज्ड (कोणाला कुठला उपाय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या) चाचण्यांचा. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. नुसती छाती दाबलेल्या गटात सुमारे १४ टक्के रुग्ण वाचले, श्वासही दिलेल्या गटात १२ टक्के. पण या चाचण्यांमध्ये रुग्णवाहिका सेवेचा फोनवरचा कर्मचारी शेजारच्या माणसाला सूचना देत होता, रुग्ण प्रौढ होते आणि कारण बहुतांशी हृदयाचं होतं. आपल्याकडे सामान्य नागरिकांना 'कोल्स' (कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) पद्धतीत फक्त छाती दाबायला शिकवतात. न शिकलेल्या माणसाने हातावर हात धरून बसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. मात्र बुडालेला माणूस किंवा लहान मूल यांच्यात मुळात ऑक्सिजन संपल्यामुळे हृदय थांबलेलं असतं. ज्याला श्वास देता येतो त्याने तिथे तो द्यायलाच हवा. विहिरीतून काढलेल्या मुलाला हे १४ आणि १२ टक्के लागू होत नाहीत.

याच दाव्यासाठी २०१५ ची अमेरिका-कॅनडातली २३,७११ रुग्णांची चाचणी पुढे केली जाते, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. तिच्यात दोन्ही गटांना श्वास दिले होते. फरक एवढाच की एका गटात दाब न थांबवता आणि दुसऱ्यात ३० दाबांनंतर थांबून २ श्वास. वाचण्याचं प्रमाण ९.० आणि ९.७ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. 'श्वास हवेत की नको' हा प्रश्न या चाचणीने विचारलेलाच नव्हता. सारांश वाचून थांबलं की हे हमखास निसटतं. तुलना गटाला काय मिळालं, हे 'पद्धती' या भागात जाऊन बघा.

चूक: मधल्या आकड्यालाच अंतिम यश मानणं

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हृदय बंद पडल्यावर टोचतात त्या एड्रेनालिन या औषधाचं उदाहरण घ्या. २०१८ साली ब्रिटनमधली पॅरामेडिक-२ ही चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले ८,०१४ रुग्ण, एका गटाला एड्रेनालिन, दुसऱ्याला साधं सलाइन. नाडी परत आली ती ३६.३ टक्के विरुद्ध ११.७ टक्के रुग्णांमध्ये. एवढंच वाचलं तर औषध म्हणजे चमत्कार. ३० दिवसांनी जिवंत मात्र ३.२ आणि २.४ टक्के. घरी परतताना मेंदू बऱ्यापैकी शाबूत असलेले २.२ आणि १.९ टक्के, आणि हा फरक निश्चित म्हणण्याजोगा नाही. वाचलेल्यांपैकी गंभीर अपंगत्व आलेले ३१.० टक्के विरुद्ध १७.८ टक्के.

आता याच आकड्यांतून तीन 'खऱ्या' बातम्या निघतात. "नाडी परत येण्याचं प्रमाण तिप्पट." "जगण्याची शक्यता एक तृतीयांशाने वाढली." "११२ जणांना औषध दिल्यावर एक जास्त जीव वाचतो." तिसरी निर्णयाला उपयोगी, कारण तिच्यात मूळ प्रमाण किती लहान आहे ते दिसतं. टक्केवारीतली वाढ वाचली की 'कितीवरून किती?' हे विचारा. उत्तर दिलेलं नसेल तर तो आकडा स्लाइडवर घेऊ नका.

या चाचणीच्या आधी, २०१२ साली, जपानमधल्या चार लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवरून उलटा निष्कर्ष निघाला होता: एड्रेनालिन मिळालेले महिन्याभराने कमी जगतात. संख्या प्रचंड, पण नोंदी म्हणजे प्रयोग नव्हे. ज्याचं हृदय दुसऱ्याच मिनिटाला चालू झालं, त्याला एड्रेनालिन द्यायची वेळच येत नाही. ते मिळतं मुख्यतः आधीच उशीर झालेल्यांना. सांख्यिकी जुळवाजुळव करून हा दोष कमी होतो, पुरता जात नाही. नमुना लाखांचा आहे म्हणून पक्षपात धुऊन निघत नाही.

चूक: 'खात्री कमी' म्हणजे 'करू नका' असं वाचणं

इल्कॉर २०१५ पासून पुरावा 'ग्रेड' पद्धतीने तोलते. खात्रीचे चार स्तर असतात: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. रँडमाइज्ड चाचण्या वरून सुरू होतात, निरीक्षणं खालून. पक्षपात, विसंगत निकाल, अप्रत्यक्ष (वेगळ्या रुग्णांवरचा किंवा परिस्थितीतला) पुरावा, अस्पष्ट आकडे किंवा नकोसे निकाल छापले न जाणं, यापैकी काही आढळलं की स्तर उतरतो. शिफारस जोरदार की सौम्य, हे वेगळं ठरतं. स्लाइडवर दोन्हींचं सरसकट 'करा' होऊन जातं.

प्रतिसाद नाही, श्वास नीट चालत नाही, मग नागरिकाने लगेच सीपीआर (छाती दाबणं, जमल्यास श्वासही देणं) सुरू करावा, ही शिफारस जोरदार आहे आणि तिच्यामागच्या पुराव्याची खात्री अतिशय कमी. विरोधाभास वाटतो, पण हिशोब सरळ आहे. अमेरिकेत फोनवरच्या सूचनेने, प्रत्यक्षात हृदय चालू असलेल्या २४७ जणांची छाती दाबली गेली. त्यांच्यापैकी सुमारे २ टक्क्यांचं हाड मोडलं, आतल्या अवयवाला इजा कुणालाच झाली नाही. न दाबण्याची किंमत मात्र मृत्यू.

भाजल्यावर पाणी किती वेळ? युरोपियन रिससिटेशन कौन्सिलने २०२१ मध्ये २० मिनिटं सांगितली, अमेरिकन संस्थांनी २०२४ मध्ये ५ ते २०, आणि इल्कॉरने २०२२ च्या आढाव्यात ठरावीक वेळ सांगणंच टाळलं. यात कुणी चुकलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या २,४९५ मुलांच्या नोंदींत २० मिनिटं वाहतं गार पाणी मिळालेल्यांना त्वचारोपण कमी लागलं, पण ते निरीक्षण आहे, आणि वेगवेगळ्या वेळांची तुलना करता ठाम फरक दिसलेला नाही. लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. लहान बाळ गारठू नये, हे मात्र पाहा.

चूक: नमुना लहान दिसला की अभ्यास बाद करणं

सर्पदंशावर विष ओढणाऱ्या पंपाची चाचणी अवघ्या ८ स्वयंसेवकांवर झाली. खोटं, किरणोत्सारी खूण असलेलं विष टोचलं आणि मग पंप लावला. बाहेर आलं ते ०.०४ टक्के. पंप चालत नाही हे कळायला ८०० माणसं लागत नाहीत.

लहान नमुन्याला मर्यादाही असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची विंचूदंशावरची चाचणी २०११ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. रुग्ण ७०. प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधासोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. फरक डोळ्यांत भरणारा. पण कोणाला काय दिलं ते डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, आणि मोजलं ते बरं होणं. मृत्यूत फरक पडतो का, हे सांगायला ७० ही संख्या अपुरी. शिवाय हा रुग्णालयातला उपचार आहे. घरी करायच्या यादीत तो टाकू नका.

सर्पदंशानंतर हाता-पायाला गुंडाळायच्या दाब-पट्टीचंही तसंच. तिचा मूळ पुरावा १९७९ च्या ऑस्ट्रेलियातल्या माकडांवरच्या प्रयोगांचा, तिथल्या सापांच्या विषाचा. आपल्या घोणस आणि फुरशाच्या दंशात जागच्या जागी ऊतींची हानी होते, त्यामुळे तो पुरावा इथे अप्रत्यक्ष ठरतो. हात-पाय न हलवता थेट रुग्णालय गाठणं, यावर मात्र वाद नाही.

चूक: आवृत्ती न बघणं

हृदय पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णाला ३३ अंशांपर्यंत थंड करा, असं २००२ च्या दोन चाचण्यांवरून शिकवलं गेलं. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक आढळला नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ३३ अंश आणि नुसता ताप रोखणं, यांतही नाही. जुन्या स्लाइड अजून ३३ वरच अडकल्या आहेत. इल्कॉर २०१७ पासून दरवर्षी आढावे प्रसिद्ध करते, तेव्हा प्रत्येक शिफारशीपुढे वर्ष, संस्था, शिफारशीचा जोर आणि खात्रीचा स्तर लिहा.

आणि कोणाबद्दल, तेही लिहा. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची ती प्रौढांची. २०१४ च्या एका मोठ्या नोंदींच्या अभ्यासात सर्वाधिक जगणं ४५.६ मिलिमीटरच्या आसपास दिसलं. तरी सूचना 'किमान ५' अशी राहिली, कारण प्रत्यक्षात दाब बहुधा उथळच पडतो. मुलांमध्ये छातीच्या जाडीचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर, आणि तान्ह्या बाळात ४.